दगड वेचायचे ते काय लिहायचं?

ॲनिक थिबडो वर्गात पहिल्या बाकावर बसायची, आणि तरी कुणाला दिसायची नाही. आपण होऊन हात वर करायची नाही. विचारलं तर बरोबर उत्तर द्यायची आणि काही गुन्हा केल्यासारखी खाली बघायची. मी इथल्या शाळेत गणित शिकवते, मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, जिथून कॅनडा जवळ आणि उरलेली अमेरिका लांब. अशी पोरगी मला अख्ख्या नोकरीत दुसरी भेटली नाही. बाप लाकडाचा ट्रक चालवतो, आई म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात राबते, आणि पोरीला वेड दगडांचं. कोटाच्या खिशात दगड, दप्तरात दगड. "बाई, हा बघा, हा इथला नाहीच. बर्फाने ढकलत ढकलत आणलाय याला उत्तरेकडून." एवढं सांगतानाच काय ती तिला वाचा फुटायची.

दगड तिला मिळायचे बटाट्याच्या पट्ट्यावर. सप्टेंबरात आमची शाळा बंद होते ती बटाटे निघेपर्यंत. पोरं शेतावर जातात, मास्तरही जातात. मी रेगी बुशारच्या शेतावर ट्रक चालवते. पहाटे रेडिओवर सांगतात कुणाच्या शेतावर किती वाजता यायचं, आणि सगळे कुडकुडत हजर होतात. यंत्र जमीन उकरत पुढे सरकतं, वर पट्टा फिरत असतो, आणि पट्ट्याशी उभं राहून दगड, ढेकळं आणि कुजके बटाटे उचलून फेकायचे. कुजक्या बटाट्याचा वास ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. तो नखांत जाऊन बसतो आणि साबणाला भीक घालत नाही. ॲनिक आठवीपासून त्या पट्ट्यावर उभी आहे.

तिला जायचं होतं ते कॉलेज खाली दक्षिणेला. विटांच्या जुन्या इमारती, हिरवळ, आणि दारात हजारोंची रांग, त्यातले मूठभर आत. तिथे भूगर्भशास्त्राचा विभाग नावाजलेला. शिवाय एकदा आत घेतलं की थिबडोंसारख्या घरच्या मुलांकडून ते छदाम घेत नाहीत. दगडांचा अभ्यास शिकवणारं दुसरं कुठलंच कॉलेज त्या घराच्या आवाक्यात नव्हतं, म्हणजे पोरीला दार होतं ते एवढंच. शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात कॉलेजप्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेत तिने आमच्या शाळेत आजवर कुणी मिळवले नव्हते एवढे गुण मिळवले. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "ही पोरगी चालली बरं का इथून."

त्याच सप्टेंबरात रेगीच्या बायकोचा, लुसीलचा भाचा शेतावर आला. ग्रेडन. बोस्टनच्या बाहेर राहतो, तिथल्या महागड्या शाळेत शिकतो. नवे कोरे बूट, नवी कोरी कानटोपी, आणि फोन हातातून सुटेल तर शपथ. त्याच्या आईने कॉलेजप्रवेशासाठी एक सल्लागार बाई नेमली होती. तिने म्हणे सांगितलं होतं, मुलाच्या अर्जात काहीतरी मातीतलं हवं. म्हणून हा मातीत.

त्याला पट्ट्याशी उभा केला ॲनिकच्या शेजारी.

"ए, हा दगड आहे की बटाटा?" त्याने विचारलं.

"चावून बघ," ॲनिक म्हणाली, आणि पट्ट्यावरची सगळी पोरं फिदीफिदी हसली.

मग तिनेच त्याला शिकवलं. वजनावरून कसं ओळखायचं, ढेकूळ कुठे दाबायचं, कुजका बटाटा बोटात न चिरडता कसा भिरकावायचा. त्याने चिरडलाच. आणि यंत्राच्या कठड्यावरून वाकून सकाळचा नाश्ता शेताला अर्पण केला. ॲनिकने आपल्या थर्मासमधलं पाणी दिलं त्याला.

जेवणाच्या सुट्टीत तो तिला म्हणाला, "तुझ्या हातांचा फोटो काढू?"

"हातांचा? का रे, तोंड बरं नाही का माझं?"

"तोंड नको, हातच दे."

बोलता बोलता निघालं की दोघंही त्याच कॉलेजात अर्ज करणार आहेत. ग्रेडन खूश झाला. "मस्तच! मी सॅटचे गुण नाही पाठवणार. आता सक्तीच नाहीये ना. आमची सल्लागार म्हणाली, गचाळ आलेत तर झाकून टाक, आपण निबंध तेवढा जोरदार लिहू."

"निबंधात काय लिहिणार?"

"बघू. इथलंच काहीतरी."

चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी पाठ धरली म्हणून आई गाडी घेऊन आली.

आमच्या शाळेत मुलांच्या कॉलेजचं बघतो ड्वाइट विलेट, आमचा समुपदेशक. ड्वाइट वाईट माणूस नाही. वाईट असता तर निदान शिव्या घालून मोकळी झाले असते. पण त्याला दरवर्षी कुठल्यातरी हॉटेलात परिषदेला बोलावतात, तिथे कॉलेजांचे गुळगुळीत लोक भाषणं देतात, आणि हा त्यांची कापडी पिशवी खांद्याला अडकवून त्यांचंच बोलणं घोकत परत येतो. ॲनिकशी त्याचं जे बोलणं झालं, ते मला पुढे मार्चअखेर कळलं.

"हे बघ पोरी, त्यांनी घेतलेल्या मुलांचे सॅटचे मधले गुण इथे दिलेत. तुझे त्याच्या खाली आहेत."

"थोडेच खाली आहेत, सर."

"थोडे का असेनात. सक्ती नाही ना? मग झाकायचे. आपली लंगडी बाजू आपण होऊन कशाला दाखवायची? ते आता अख्खा माणूस बघतात."

"मग अख्ख्या माणसात मी काय लिहू?"

"शाळेबाहेर काय करतेस ते लिही."

"बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. वाचनालयात पुस्तकं लावते."

"सुट्टीत?"

"सुट्टीत काय, बटाटे. दगड वेचायचे ते काय लिहायचं?"

"खरंय," ड्वाइट म्हणाला. "ते तर सगळेच करतात."

आणि दोघांनीही ती जागा कोरी सोडली. ड्वाइट स्वतः लहानपणी टोपली घेऊन शेतात वाकलेला, त्यालाही सुचलं नाही. आमच्याकडे कुणालाच सुचत नाही. बटाटे काढणं म्हणजे काही 'करणं' असतं, हे आमच्या डोक्यात येतच नाही. ते जेवण्या-झोपण्यासारखं आहे, आणि जेवतो-झोपतो असं कुणी अर्जात लिहीत नाही.

मार्चअखेर नकार आला. ॲनिक शाळेत आली, वही उघडली, गणितं सोडवली. तास संपल्यावर टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, नाही घेतलं," आणि मग सगळं सांगितलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तशीच ड्वाइटच्या खोलीत गेले.

"लाव फोन त्या कॉलेजला."

"अगं, ते कारण सांगत नसतात."

"लाव म्हणते ना."

त्याने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस लोण्यासारखा मऊ बोलत होता. म्हणाला, तुमच्या शाळेतून आमच्याकडे कुणी येतच नाही, त्यामुळे तिथले वर्गातले गुण कसे तोलायचे ते आम्हाला कळेना. बाकी अर्जात काही विशेष नव्हतं. सॅट पाठवली नव्हती, तेव्हा ती फारच खाली असणार, असं आम्ही धरलं.

ड्वाइटने आकडा सांगितला.

"तुमच्या शाळेतून एवढे? अहो, मग पाठवले का नाहीत? एवढे दिसले असते तर मीच तिच्यासाठी भांडलो असतो."

"तुम्हीच परिषदेत म्हणालात ना, नाही पाठवले तरी चालतं?"

"चालतं ना," तो म्हणाला. "चालतंच. पण आता जागा भरल्या हो."

मला शिसारी आली. त्या मऊ आवाजाची, त्या कापडी पिशवीची, ड्वाइटच्या पडलेल्या चेहऱ्याचीसुद्धा. बोस्टनच्या पोरांना या 'चालतं'चा अर्थ समजावायला पैसे मोजून नेमलेली सल्लागार असते. आमच्या पोरांनी तो शब्द होता तसाच घेतला. माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, असं आम्हाला इथे शिकवलेलं आहे.

मे महिन्यात बेण्याचे बटाटे कापायला आम्ही रेगीच्या कोठारात जमलो. एव्हाना ॲनिकने इथल्याच कॉलेजात नर्सिंगला नाव घातलं होतं, आईच्या ओळखीने. पाळी संपत आली तशी लुसील गरम प्लॉयची, म्हणजे आमच्याकडच्या धिरड्यांची, चळत आणि कॉफी घेऊन आली. बाई भोळी आहे, पोटात पाप नाही. तोंडभर हसून म्हणाली, "अगं, आमच्या ग्रेडनला घेतलं त्यांनी! कॉलेजवाल्यांनी पत्रात खास लिहिलंय, तुझा निबंध वाचून आमच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून. बहिणीने पाठवलाय मला. आपल्याच शेतावर लिहिलाय, ऐका."

चष्मा लावून ती वाचायला लागली. "गारठ्यातल्या त्या शेतात मला ॲनिक भेटली. तिच्या हातांना भेगा होत्या, नखांत काळी माती होती. कॉलेजचं स्वप्न तिने कधी पाहिलंही नसेल, या शेतापलीकडे तिचं जग नाही. पण तिनेच मला दगड आणि बटाटा यांतला फरक शिकवला, आपल्या वाटणीचं पाणी पाजलं, आणि श्रम म्हणजे काय ते मला त्या हातांकडे बघून..."

लुसीलचा आवाज मंद होत गेला. तिने कागदावरून मान वर केली आणि तिला कळलं आपण काय वाचतोय ते.

"पुरे गं," रेगी म्हणाला.

कुणी प्लॉयला हात लावेना. मला त्या पोराच्या नावाने थुंकावंसं वाटत होतं, आणि डोळ्यांत पाणी आलेल्या त्या सगळ्या शहाण्यांच्या नावानेही. मी ॲनिकला म्हटलं, "चल, मी सोडते तुला घरी."

"थांबा ना बाई, एवढी रास संपू दे." तिने सुरी उचलली, एक बटाटा डोळे बघून मधोमध कापला, आणि लुसील अजून रडवेली उभी होती तिला उलट समजावत म्हणाली, "काकू, तुम्ही नका हो वाईट वाटून घेऊ. घेतलंय की त्यांनी मला. नाव तेवढं त्याचं टाकलंय."