हळद लागलेल्या जर्सी

गेली नऊ वर्षं दर रविवारी एक बाई मला चारचौघांत शिव्या घालते, आणि तिच्याबद्दल चार ओळी लिहायला बसलो तर शब्द कौतुकाचेच निघतात. काय म्हणायचं या मूर्खपणाला!

मी इंद्रजीत. सोमवार ते शुक्रवार बेलापूरच्या एका विमा ऑफिसात फायली उपसतो, राहतो कामोठ्यात, आणि रविवारी पनवेलच्या मैदानावर फुटबॉलची शिट्टी वाजवतो. आमची तालुका लीग टीव्हीवर दिसत नाही. तीन डिव्हिजन, प्रत्येकीत आठ संघ आणि सगळ्यांना मिळून रेफरी तीन. त्यामुळे कामोठ्याचा सामना कामोठ्यात राहणाऱ्या माणसाला देऊ नये, वगैरे लाड इथे चालत नाहीत. मी कामोठ्याचा, नेमकं हेच त्या बाईच्या, मालूकाकीच्या, डोक्यात बसलेलं.

मालूकाकी शेजारच्या कोन गावची. वय छप्पन्न, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज असा की एक्स्प्रेसवेवरचा ट्रकवाला दचकावा. घरून प्लास्टिकची लाल खुर्ची घेऊन यायची आणि बरोबर पेनल्टी बॉक्सच्या रेषेत मांडायची. मग नव्वद मिनिटं तोंडाचा पट्टा चालू.

"अरे रेफ्री, कामोठ्याचा पानी पितोस म्हनून कामोठ्याचाच गुन गाशील काय रं? तो ऑफसाइड नाय? मंग काय आरती ओवालायला उभा होता?"

राग यायचाच. मी काही साधुसंत नाही. पण खरी पंचाईत ही की बाईला नियम पाठ होते. लेकाकडून पुस्तक वाचून घेतलं होतं तिने, दोनदा. ऑफसाइड तिला माझ्या लाइन्समनपेक्षा बरा कळायचा.

तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून कृष्णकांत बसायचे. मूळचे पुण्याचे, रिटायर होऊन कामोठ्यात फ्लॅट घेतलेले, कामोठे संघाचे कट्टर. वहीत आकडे, मोबाईलवर प्रत्येक सामन्याचं शूटिंग. सामना सुरू व्हायच्या आधी दोघांची जुंपायची ती ऐकायला मी मुद्दाम दहा मिनिटं लवकर यायचो.

"मालूताई, फॉर्म बघा जरा. मागच्या पाच सामन्यांत तुमचे फक्त दोन गोल. आज दोन-एक, आमचे दोन."

"तीन-शून्य. आमचा कोन."

"अहो, दर रविवारी तीन-शून्यच सांगता! आजवर एकदा तरी झालंय का?"

"व्हायचा ऱ्हायलाय म्हनूनच सांगते ना!"

यावर कृष्णकांत कपाळावर हात मारायचे आणि स्वतःच्या डब्यातली बाकरवडी तिच्यापुढे धरायचे. ती दोन घ्यायची आणि वर म्हणायची, "गोड जास्त झाली, तुमच्या संघासारखीच."

आता हे सगळं ती कशापायी करायची, ते सांगतो. कोनचा संघ तिच्या नवऱ्याने, शिवाने उभा केला. रस्त्यात जमीन गेली, मोबदला हातात आला तेव्हा लोकांनी गाड्या घेतल्या, बंगल्यांवर गच्च्या चढवल्या. या माणसाने पोरांसाठी बूट, चेंडू आणि गोलच्या जाळ्या आणल्या. गावाने वेड्यात काढलं. सहा वर्षं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये मार खात खात त्याने संघ दुसरीत चढवला आणि त्याच पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. दुसरीतला एकही सामना त्याने पाहिला नाही. त्याच्या जागेवर खुर्ची टाकून मालूकाकी बसायला लागली. मला एकदाच म्हणाली होती, "त्यानं वर चढवलाय. माज्या डोल्यांदेखत खाली नाय जाऊ देनार." ते बोलताना तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

यंदा मात्र कोन गटांगळ्या खात होता. शेवटचा सामना कामोठ्याशी, तळाला दोघंच. बरोबरी झाली तर कोन राहणार, हरला तर तिसरीत. सामना आधी एकदा पुढे ढकललेला, त्यामुळे सेक्रेटरी तारीख बदलायला तयार नव्हता, आणि तारीख नेमकी आली प्रणितच्या लग्नाच्या दिवशी. प्रणित म्हणजे मालूकाकीचा लेक आणि कोनचा कॅप्टन. सकाळी नऊला सामना, संध्याकाळी साडेसहाला मुहूर्त. हळद लागलेल्या नवऱ्या मुलाने वेशीबाहेर पाऊल टाकू नये म्हणून घरातल्या बायका भांडल्या. काकीने सगळ्यांना एका वाक्यात गप्प केलं, म्हणाली, "बापाचा काम हाय त्याच्या."

रविवारी सकाळी टेम्पोतून कोनचा संघ उतरला आणि मी डोळेच चोळले. अकराच्या अकरा पिवळेधमक!

झालं असं की, आमच्याकडची हळद म्हणजे लग्नाच्या वरताण. आदल्या संध्याकाळी बँजो वाजत होता, सगळा संघ कॅप्टनसोबत फोटो काढायला पांढऱ्या जर्सी घालून मांडवात नाचत होता. मालूकाकी परात घेऊन आली. "हीपन माजीच पोरा," म्हणत तिने एकेकाला गळ्यापासून कमरेपर्यंत हळद माखली. प्रेमाचं माणूस, हात आखडता घेणं ठाऊकच नाही. रात्रभर जर्सी तशाच वाळल्या. आणि कामोठ्याची जर्सी पहिल्यापासून पिवळी.

जर्सीचा दुसरा संच कोनकडे नव्हता. सरावाची रंगीत बनियनं लीगने शिबिरासाठी द्रोणागिरीला पाठवलेली. नियम सरळ होता, एका रंगात दोन संघ खेळू शकत नाहीत. पंधरा मिनिटांत तोड काढायची, नाहीतर समोरच्याला वॉकओव्हर, तीन-शून्य.

मी घड्याळ दाखवलं. मालूकाकीच्या मांडीवर प्रणितचा अडकित्ता होता, लिंबू टोचलेला. नवऱ्या मुलाने तो हातातून सोडायचा नसतो, पण लोखंड घेऊन मी त्याला मैदानात कसा सोडू? म्हणून आईकडे दिलेला. ती त्या अडकित्त्याकडे बघत राहिली. खरं सांगतो, मला तिची दया आली आणि स्वतःच्या शिट्टीचा राग आला.

मग ती ताडकन उठली. "चुना! हलदीत चुना पडला की कुंकू व्हतंय. चुना आना रं कोनतरी!"

समोर पानाची टपरी होती. पोरं पळायच्या आधी उठले कोण, तर कृष्णकांत! त्यांच्याच संघातला एकजण ओरडला, "काका, कशाला? फुकटचे तीन गुण आहेत!"

"फुकटात जिंकून सेक्टरमध्ये काय तोंड दाखवू?" म्हणत हा सत्तरीचा माणूस चुन्याचा अख्खा डबा घेऊन आला.

पाण्याच्या पिंपात चुना कालवला, जर्सी बुडवल्या, आणि बघता बघता पिवळ्याचं लालभडक झालं. साध्या पाण्यातून खळबळून, पिळून पोरांनी त्या ओल्याच अंगावर चढवल्या. मैदानावर टाळ्या पडल्या, त्यात कामोठ्याच्याही होत्या. मुदतीच्या चौदाव्या मिनिटाला मी नाणं उडवलं. काकी खुर्चीत बसली आणि पहिल्याच फाउलला माझा उद्धार सुरू झाला. मला बरं वाटलं.

सामना झकास रंगला. हाफ टाइमला एक-एक. पण हळद ती हळद. पोरांना घाम फुटला तसा लाल रंग विटायला लागला. सत्तराव्या मिनिटाला जर्सी नारिंगी झाल्या, ऐंशीव्याला बाह्या आणि पाठी पुन्हा पिवळट. कोनच्या पोराने एक पास थेट कामोठ्याच्या पायात दिला. लोक हसले. मी नाही हसलो, कारण मलाही क्षणभर कळलं नव्हतं तो कुणाचा.

अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. कामोठ्याचा कॉर्नर. कोनच्या गोलसमोर दहा-बारा जणांचा घोळका उडाला, एक पिवळी बाही वर गेली, चेंडू हाताला लागलेला मी स्पष्ट पाहिला. बाहीच्या खाली प्रणितचं तोंड होतं. मी शिट्टी फुंकली आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केलं.

"सर, माझा हात नाही! आईची शपथ, माझा नाही!" प्रणित धावत आला.

लाइन्समनला विचारायला हवं होतं, पण मी विचारलं नाही. नऊ वर्षं कामोठ्याचा माणूस म्हणून ऐकलेलं, आज गर्दीपुढे नमलो असं दिसायला नको, हा माझा ताठा. मी सवयीने लाल खुर्चीकडे पाहिलं. आता तर आभाळ फाटणार. पण काकी गप्प होती. अडकित्ता दोन्ही हातांत गच्च धरून खाली मान घालून बसली होती.

गोल झाला. दोन-एक. कोन तिसरीत गेला.

स्कूटरला किल्ली लावत होतो तोवर कृष्णकांत आले. चेहरा उतरलेला. "इंद्रजीत, हे बघ," म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला. शूटिंग थांबवून थांबवून दाखवलं. तो हात प्रणितचा नव्हताच. त्याच्या मागून उडी मारलेल्या धनेशचा होता. धनेश म्हणजे कामोठ्याचा फॉरवर्ड. फाउल उलटा होता. पेनल्टी नव्हतीच.

"तुम्ही कामोठ्याचे ना?" मी विचारलं.

"हो. पण डोळे काही संघाचे नसतात रे," ते म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले.

मी तिथूनच सेक्रेटरीला फोन लावला. तो म्हणाला, सामना संपला, रेफरीचा निर्णय अंतिम, नियम तुम्हालाच ठाऊक. ठाऊक होता.

संध्याकाळी कोनला गेलो. आमंत्रण होतंच, तिने महिन्यापूर्वी भर मैदानात पत्रिका हातात कोंबली होती. लग्न लागलेलं, पंगती बसलेल्या. प्रणितने मला पाहिलं आणि नवरीशी बोलायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. त्याचं बरोबरच होतं. काकी आत होती, माजघरात, एकटी. नवीन लुगडं, डोळे सुजलेले. समोर भिंतीवर शिवाचा फोटो.

"काकी, पेनल्टी नव्हती. हात धनेशचा होता. चूक माझी."

तिने वर पाहिलं. मी वाट पाहत होतो शिव्यांची. मनापासून हव्या होत्या मला त्या दिवशी.

"माज्या हलदीची चूक समजले मी," ती हळूच म्हणाली. "दुपारपासनं याच्यासमोर बसलेय. मीच माखली, मीच बुडवला तुजा संघ, असा सांगत होते त्याला. म्हनून तवा तोंड नाय उघडला. कोनाला बोलू?"

"हळदीची नाही काकी. लाइन्समनला विचारायचं होतं, मी विचारलं नाही. माझीच."

"मंग लिवून दे."

"निकाल बदलणार नाही हो त्याने. मी फोन केला होता."

"निकालाला कोन इचारतोय? लिवून दे."

रेफरीने अशी चूक कागदावर लिहून द्यायची नसते. तो कागद लीगमध्ये फिरला तर माझी शिट्टी कायमची गेली, हे तिलाही कळत होतं, मलाही. कोपऱ्यात पत्रिकांचा गठ्ठा पडला होता. एक उचलली, मागे लिहिलं: 'कोन विरुद्ध कामोठे. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला दिलेली पेनल्टी चुकीची होती. चूक रेफरीची.' खाली नाव, सही, तारीख. तिच्यापुढे धरली.

तिने ती घेतली नाही.

"मला कशाला दाखवतोस? त्याला वाच. मोट्यानं."

बाहेर बँजो वाजत होता. मी फोटोसमोर उभा राहिलो आणि वाचलं. दुसऱ्या ओळीला आवाज बँजोत बुडाला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्याने सुरुवात केली. वाचून झाल्यावर तिने पदराने फोटोची काच पुसली.

"ऐकलास ना? पोरा खेलून नाय हारली," ती त्याला म्हणाली.

मग ती पत्रिका माझ्या हातातून घेऊन तिने चार तुकडे केले, चुलीत टाकले, आणि मला दंडाला धरून पंगतीत प्रणितच्या शेजारी नेऊन बसवलं.