डेनिसच्या आईनं पाहिलेला खेळ

डेनिस जिना उलटा उतरायचा. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर आणि एकेक पाऊल जपून मागे. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या आमच्या जुन्या चार मजली इमारतीला लिफ्ट नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, तो बरोबर आमच्या डोक्यावर. पहिल्यांदा त्याला तसं उतरताना पाहिलं आणि मला वाटलं, हा आपल्यातलाच. जहाजाच्या इंजिनरूममध्ये शिडीकडे तोंड करूनच उतरायचं असतं, आणि अंगवळणी पडलं की माणूस घरीही तसाच उतरतो. मी नुकताच बोट सोडून किनाऱ्यावरच्या कचेरीत चिकटलो होतो, त्यामुळे जातभाई भेटल्याच्या आनंदात विचारलं, "कुठल्या कंपनीच्या बोटीवर?"

"बोट नाही, गुडघा," तो म्हणाला. "सरळ उतरलो तर हा रडतो, उलटा उतरलो तर फसतो. अजून त्याच्या लक्षात आलेलं नाही."

हा गुडघा इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका गिरणीगावात प्रसिद्ध होता. डेनिस पोरवयात तिथल्या फुटबॉल क्लबात गेला आणि केस पिकायला लागेपर्यंत दर शनिवारी तिथंच खेळला. मोठ्या क्लबानं त्याला दोनदा बोलावलं, दोनदा हा गेला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्यांच्याकडे एक चांगला फुलबॅक होता. त्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा?" फुलबॅक म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, माझ्या बायकोला, सुनंदाला नव्हतं. तिला त्यानं समजावलं, "घरातले सगळे झोपायला गेले की कुणीतरी उठून दाराची कडी लागली का बघतो ना, तो मी." सुनंदाला ते इतकं पटलं, की त्या दिवसापासून आमच्याकडचा पोह्यांचा पहिला डबा वर जाऊ लागला.

सिंगापूरला तो कारकिर्दीच्या अखेरीस आला. तेव्हा इकडे असे उतारवयातले इंग्लिश खेळाडू यायचे. काहींचा जीव खेळापेक्षा स्विमिंग पूलमध्ये जास्त रमायचा. डेनिस तसा नव्हता. कालांगच्या स्टेडियमवर तो पोरांना मागून हाका मारत राहायचा, आणि ज्याला आडवा केला त्याला स्वतः हात देऊन उठवायचा. "पाडणं हे माझं काम आहे," तो म्हणायचा, "पण पाडून ठेवणं नाही." माणसं त्याच्यावर जीव टाकायची. नोव्हेना भागातल्या डॉक्टरकडे त्याला घेऊन जात होतो, तेव्हा टॅक्सीवाल्यानं आरशात बघून मला ऐकवलं, "हिज लेग कॅनॉट ऑलरेडी. बट द हार्ट कॅन, लाह!" म्हणजे पाय आता चालत नाही, पण काळीज अजून चालतं. डेनिस खिडकीबाहेर बघत लाजला.

डॉक्टरांनी मात्र साफ सांगितलं की हा मोसम शेवटचा. डेनिसनं त्याबद्दल कुरकुर केली नाही. त्याची चिंता वेगळीच होती, ती त्यानं जिन्यात मला सांगितली. इतक्या वर्षांत त्याच्या आईनं त्याला खेळताना पाहिलंच नव्हतं. अगदी पहिल्या सामन्याला ती आली होती, तेव्हा डोक्याला मार बसून त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. "मी बघितलं की तुला लागतं," असं तिनं मनाशी पक्कं केलं आणि पुन्हा मैदानात पाऊल टाकलं नाही. टीव्हीवर तो दिसला तरी उठून स्वयंपाकघरात जायची. आता शेवटच्या सामन्यासाठी त्यानं तिला तिकडून बोलावून घेतलं होतं. "मी कसा खेळेन कुणास ठाऊक," तो म्हणाला. "पण तिनं एकदा बघावं. एवढंच राहिलंय."

मी हे घरी सांगितलं तेव्हा सुनंदाला जराही नवल वाटलं नाही. "आईची दृष्ट सगळ्यात वाईट लागते," ती म्हणाली. "बिचारीचं काय चुकलं?"

डेनिसची आई, एल्सीबाई, आल्या. छोट्याशा, फुलाफुलांचा झगा, हातात कायम पर्स. आमच्याकडे त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, सुनंदाशी खाणाखुणांनी आणि तिच्या शाळकरी इंग्रजीनं तासभर गप्पा मारल्या आणि सामन्याला तिच्या शेजारीच बसायचं ठरवलं. मुलाला त्यांनी शब्द दिला, "येते. बघते."

आल्या खऱ्या. पण संघ मैदानात उतरला आणि बाईंनी डोळे गच्च मिटून घेतले.

"त्याला सांगू नका," त्या म्हणाल्या. "आज तरी त्याला धडधाकट घरी यायचंय. तू मला सांग, काय चाललंय."

हे त्यांनी सांगितलं सुनंदाला! स्टेडियमभर जाणकार बसलेले, शेजारी मी बसलेला, आणि समालोचनाचं काम मिळालं ते, ज्या बाईनं जन्मात फुटबॉल पाहिला नव्हता तिला. मी मध्ये तोंड घातलं, तर "अहो, तुम्ही गप्प बसा, त्यांनी मला विचारलंय," म्हणून मला बाजूला केलं.

सुनंदानं चेंडूकडे पाहिलंच नाही. तिला माणसं दिसत होती. "आता डेनिस उभा आहे. आता कुणावर तरी ओरडतोय. फार ओरडतोय, घसा बसेल. त्या पोराला पाडलं. उठवतोय, उठवतोय. पाठीवर हात फिरवला." एल्सीबाई मिटल्या डोळ्यांनी मान हलवत होत्या. "काळ्या कपड्यातला एक माणूस आहे, तो बिचारा केव्हाचा पळतोय. पण त्याला कुणी चेंडूच देत नाही."

तो पंच होता. पण पंच म्हणजे काय हे त्या गोंगाटात कोण समजावणार? तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. गुडघा टिकला होता. सगळं स्टेडियम उभं राहून डेनिसच्या नावानं गर्जत होतं, तो आमच्या दिशेला तोंड करून हात हलवत होता, आणि त्याची आई डोळे मिटून, पर्स छातीशी धरून बसली होती.

जेवायला आम्ही समुद्राजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, गेलो. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन डेनिसशी हात मिळवत होतं, पण त्याचं लक्ष एकाच माणसाकडे होतं.

"मग? पाहिलंस ना?"

"सगळं पाहिलं," बाई ठासून म्हणाल्या. "छान खेळलास. एक मात्र मला आवडलं नाही. तो काळ्या कपड्यातला एवढा जीव तोडून पळत होता, त्याला एकदा तरी चेंडू द्यायचास."

सुनंदा कौतुकानं मान डोलावत होती. मी साटेच्या, म्हणजे काडीवर भाजलेल्या मटणाच्या, काडीकडे बघत राहिलो. डेनिसनं आईकडे पाहिलं. त्याला काय कळलं ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि मला फार वाईट वाटलं.

"खरंय, आई," तो म्हणाला. "द्यायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आमचं दार वाजवलं. काखेत चेंडू. "बूट घाल," मला म्हणाला. "एक माणूस कमी पडतोय."

ईस्ट कोस्ट पार्कच्या हिरवळीवर त्यानं एल्सीबाईंना बाकावर बसवलं, शेजारी सुनंदा. मग तो आईसमोर उभा राहिला. "इथं मला पाडणारं कुणी नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "फक्त हा आहे. याच्याकडे एकदा नीट बघ आणि सांग, याच्यानं मला काही होईल का?"

बाईंनी माझं पोट पाहिलं, सँडल पाहिले. मला बूट मिळाले नव्हते. त्या हसल्या.

"मग बघ," डेनिस म्हणाला.

एवढ्या मोठ्या खेळाडूच्या कारकिर्दीतला शेवटचा प्रतिस्पर्धी मी आहे, हे आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तो लंगडत होता, तरी मला चेंडूला शिवता आलं नाही. मी डावीकडे गेलो की तो उजवीकडून निघून जायचा. घाई नाही, जोर नाही, चेंडू आपला त्याच्या पायाशी घरच्यासारखा. शेवटी मी धापा टाकत गवतावर बसलो आणि तो एकटाच खेळत राहिला. बाकावर सुनंदा एक अक्षर बोलत नव्हती. बोलायची गरजच नव्हती. म्हातारीचे डोळे टक्क उघडे होते, आणि चेंडू जाईल तिकडे तिची मान जात होती.

तो थांबला. आईकडे पाहत उभा राहिला. केस पिकलेला माणूस, पण चेहरा प्रगतिपुस्तक घेऊन आलेल्या मुलाचा.

एल्सीबाईंनी पर्स बाकावर ठेवली.

"अस्सं होय!" त्या म्हणाल्या. "म्हणून सगळं गाव शनिवारी घराबाहेर पडायचं."