गेटापुढचा म्हसोबा

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि आता ते ऐकायला राहिले नाहीत. पण आज तुम्ही सहज विचारलंत ना — मॉलवाल्यांनी तुमच्या गल्लीत गेट काढायचं ठरवलं होतं, मग काढलं का नाही? तर ऐका. ऐकून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा.

कराडात आमच्या गल्लीच्या पाठीला मॉल आला तेव्हा आम्हीच पेढे वाटले होते, हे आधी कबूल करते. घरांचे भाव वाढतील म्हणून! भाव राहिले बाजूला, गाड्या आल्या. रविवारी तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. माझ्या गेटाला गाडी चिकटवून माणसं निवांत पिक्चर बघायची, आणि माझी स्कूटर आत अडकलेली. बोलायला गेलं की म्हणायची, पाचच मिनिटं हो काकू. नगरपालिकेत अर्ज दिले, चौकीत जाऊन बसले. ‘नो पार्किंग’चा बोर्ड लावला, तर त्याच्याच खाली गाड्या लागल्या. मग काय करायचं? हात जोडून बसायचं?

सासूबाईंचा वरवंटा माळ्यावर पडून होता. घरात मिक्सर आल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. एका अमावास्येला पहाटे तो गेटापुढं उभा रोवला, तेलात शेंदूर कालवून फासला, दोन लिंबं ठेवली. विचारेल त्याला सांगितलं — सासूबाईंच्या वेळचा म्हसोबा आहे, रस्ता करताना गाडला गेला होता, परवा माझ्या स्वप्नात आला. झालं! त्यानंतर तिथं एक गाडी लागेल तर शपथ. पुण्याच्या मोठमोठ्या गाड्या लांबूनच वळायला लागल्या. पुढं कुणी नारळ फोडला, कुणी घंटा बांधली. मला लय हसू यायचं. याची मला अजूनही लाज वाटत नाही. आमचा रस्ता खाणाऱ्यांना एका वरवंट्यानं अडवलं, बरं केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

पण — हे नव्हतं सांगायचं. हे सोपं होतं, म्हणून आधी सांगून टाकलं.

माझ्या शेजारी हौसाक्का राहते. मूळची माणदेशातली. नवऱ्यानं मेंढरं विकून इथं दोन खोल्या बांधल्या आणि तो गेला. मागं एकच मुलगा, सागर. मॉलवाल्यांनी वरचा मजला चढवायला काढला, आणि वाढत्या गाड्यांसाठी मागचं गेट थेट आमच्या गल्लीत. सागरला तिथंच पार्किंगवर नोकरी लागली होती. गळ्यात शिट्टी, अंगात चकाकणारं जाकीट — आक्का काय खूश होती सांगू! तर त्या नव्या गेटाच्या वाटेत माझा म्हसोबा येत होता. मजूर हात लावायला तयार होईनात. मुकादमानं सागरला पुढं केलं. नवी नोकरी, पोरानं नाही कसं म्हणावं? त्यानं उदबत्ती लावली, कान धरले, आणि वरवंटा उचलून पलीकडं गटाराच्या कट्ट्याशी नेऊन ठेवला.

त्याच आठवड्यात आक्काच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली.

गल्लीत काय कुजबुज झाली असेल ते सांगायला नको. पण मला — मला खरं ठाऊक होतं ना! नळावर पाणी भरताना आक्काच मला म्हणाली होती, त्या बीपीच्या गोळ्या सोडल्या बघ, पोटात नुसती आग होतीया. मी ऐकलं आणि कळशी उचलून घरात गेले.

सागर दवाखान्यातून थेट माझ्या दारात आला. बीपी वाढलं एवढंच डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. कशानं वाढलं ते त्याला माहीत नव्हतं. पायरीवर बसला आणि म्हणाला, “काकू, खरं सांगा. माझ्यामुळं झालं व्हय वो?”

काय अवघड होतं? तुझ्या आईनं गोळ्या सोडल्या होत्या बाबा — एवढंच तर म्हणायचं होतं. पण गेटाचं काम दाराशी येऊन ठेपलं होतं, आणि गल्ली पेटायला एक काडी हवी होती. मी त्याच्याकडं बघितलं, चांगलं नीट बघितलं, आणि म्हटलं, “कडक देव हाय, सागर. हात लावायला नको व्हता तू.”

मग काय! गल्लीनं म्हसोबाला वाजतगाजत जागेवर आणलं. मजूर पळाले, पुढारी पाया पडून गेले, मॉलवाल्यांनी मागचं गेट रद्द केलं. मी जिंकले. सागरनं नोकरी सोडली. विट्याचा मामा कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळतो, त्याच्याकडं निघून गेला. आपण गल्लीत पाऊल टाकलं तर आईचं उरलेलं अंगही जाईल, ही भीती. आणि आक्कालाही सोडलेल्या गोळ्यांपेक्षा देवाचा कोपच खरा वाटतो; ती स्वतःच त्याला फोनवर सांगते, येऊ नगंस.

गल्लीसाठी केलं, असं म्हणू? त्या दिवसापुरतं म्हणता येईल. पण गेट रद्द झाल्यावर खरं सांगायला कोण अडवत होतं? तेव्हा मी माझी अब्रू सांभाळत होते. वरवंटा पुजायला लावला म्हणून बायका तोंडावर थुंकतील, याला भ्याले. मॉलला न भिणारी मी, चार बायकांना भ्याले.

यंदा दिवाळीनंतर सागर बायकोला आणि तान्ह्या मुलीला घेऊन आला — हायवेपर्यंत. आक्काचं खाणंपिणं, औषध आता मीच बघते; मीच तिला रिक्षात घालून नेलं, हॉटेलाबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तिनं डाव्या हातानं नातीचं डोकं चाचपलं, पहिल्यांदाच. मग तिनं सागरकडं बघितलं. घरी चल म्हणणार होती, पण तिनंच ते गिळलं. बोलायला याहून चांगली वेळ कोणती? गल्लीतलं कुणी आसपास नव्हतं. मी चहा सांगितला.

निघताना सागर वाकला. “काकू, तुमी हायसा म्हणून आई हाय,” म्हणाला, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी ठेवू दिलं.