मिलिट्रीचा पिट्ठू

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आज सांगतो आहे, तेही आडवळणानंच – आधी पिट्ठूचं सांगतो.

बहात्तरच्या उन्हाळ्यात हिंगणघाटच्या बाजारात मी तो घेतला. पाठीवर अडकवायची पिशवी, मिलिट्रीतून निघालेला जुना माल. जाड हिरवट कॅनव्हास, रुंद पट्टे, पितळी बकलं. मी मलेरिया खात्यात नवाच लागलो होतो. गिरडकडची गावं सायकलनं फिरायचो, तापाच्या रोग्याचं बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचो. खांद्याच्या झोळीनं मान आखडायची, काचा फुटायच्या. पिट्ठू मात्र पाठीला असा बसला, की दिवसभर ओझं जाणवायचंच नाही. अठरा वर्षं वापरला. एक शिवण उसवली नाही.

पण लोक वेगळंच समजले. युद्ध नुकतंच संपलेलं. "मिलिट्रीत होते का साहेब?" आधी बोट टोचायचं म्हटलं की माणसं मागच्या दारानं निघून जायची – आता खाट टाकत, चहा ठेवत. मी नाही म्हणालो नाही. मग हो म्हणू लागलो. कुणाचं काय बिघडत होतं?

एका गावात अनसूयाबाई नावाची म्हातारी होती. तिनं पिट्ठूवरून हात फिरवला. "माह्या शंकरपाशी असाच होता. तुले भेटला का रे बापू तो तिकडं?"

मला वाटलं, पोरगा नोकरीवर असेल. म्हातारीला बरं वाटावं म्हणून – छे, मलाच मोठं व्हायचं होतं. म्हणालो, "भेटला ना. पठाणकोटले. संक्रांतीले एका पंगतीत जेवलो आम्ही."

म्हातारी ताडकन उठली. "कमल, आयकलं का वं? संक्रांतीले होता तो! तार खोटी होती!"

आतून तिची सून आली. वीस-बावीसची. कपाळ मोकळं. शंकर लढाईत गेल्याची तार संक्रांतीच्या महिनाभर आधीच आली होती – हे मला तेव्हा कळलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं ना? मी पिट्ठू पाठीला लावला आणि सायकल काढली. पुढच्या फेरीला गेलो, तर कमलच्या कपाळावर कुंकू होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर – नाही, थांबलं नाही. दिवाळीनंतर कमलचे वडील मला शोधत मी राहायचो त्या समुद्रपूरला आले. तिच्यासाठी दुसरं स्थळ चालून आलं होतं, चांगलं. पण म्हातारी सोडत नव्हती, आणि कमलही निघत नव्हती. त्यांनी हात जोडले. "साहेब, खरं सांगा. तुमी त्याले पाह्यलं का?"

चहाच्या टपरीवर चार ओळखीची माणसं बसली होती. ती काय म्हणतील? – एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "हो."

ते एकटेच परत गेले.

मी लष्करात एक दिवसही नव्हतो. पठाणकोट मी पाहिलेलं नाही. शंकर काळा होता की गोरा, मला ठाऊक नाही.

ती फेरी मी दुसऱ्याच्या गळ्यात घातली. म्हातारी दारात बसून वाट बघता बघताच वारली, असं कानावर आलं. मग अठ्ठ्याऐंशीत गिरडच्या बसथांब्यावर कमल दिसली. केस पिकायला लागलेले, कुंकू तसंच. तिनंच ओळखलं. पाऊसपाण्याचं बोलली. बस आली तेव्हा हळूच म्हणाली, "भाऊ, जेवताना त्यायनं माह्याबद्दल काई म्हटलं होतं का?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. या वेळी तर कुणाची भीतीही नव्हती – मग?

मी म्हणालो, "हो. तुमचीच आठवण काढत होते."

ती हसली. पदर सावरून बसमध्ये चढली.

ती अजून आहे, त्याच घरात. सायकलनं तासाभराची वाट. मी गेलेलो नाही.