गंगम्माबाईंच्या फळमाश्या

गंगम्मा हिरेमठ सोलापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. अक्कलकोटकडच्या, घरी कानडी, वर्गात मराठी. प्रयोगशाळेत पिकलेली केळी घातलेल्या बाटल्यांमधून त्यांनी फळमाश्या पाळल्या होत्या. माश्यांना एकदम कडक उष्णता दिली की त्या मरत. आधी थोडी ऊब सोसू दिली, तर तेवढ्याच उष्णतेत बऱ्याचशा तगत. ताण आला की पेशी घाईनं काही खास प्रथिनं बनवते, एवढं तेव्हा कळलं होतं. ती नेमकं काय करतात, ते कोडंच होतं. बाईंना त्याच कोड्याचं वेड.

शहात्तर साली त्यांच्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन करून डावा स्तन काढला, मग कोबाल्टच्या किरणांचे शेक. डावा हात सुजला तो उतरलाच नाही. नणंदेनं चोळीत कापूस भरायला सुचवलं, तर म्हणाल्या, "जे नाही ते नाही. कुणाला बघवत नसेल त्यानं दुसरीकडं बघावं."

आई ईरम्मा गावाहून आली. "लोक म्हनत्यात, माश्या पाळल्या म्हनून हे झालं. सोड की गं ते."

"माश्यांनी नाही झालं, अव्वा. आणि झालं असतं तरी पाळल्याच असत्या."

विभागप्रमुखांनी समजुतीनं सांगितलं, "बाई, आता घरी विश्रांती घ्या."

"दुखायचं ते घरीही दुखणारच, सर. इथं निदान कामात दुखेल."

दोन वर्षांनी गाठ काखेत परतली. बाईंनी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या माश्या थोडा ताण सोसून मोठ्याला तयार होतात. ही गाठही शेक सोसून तशीच तयार झाली असेल का?"

"असेलही. खरं सांगतो, मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग शोधायला हवं," बाई म्हणाल्या आणि सोमवारी तासावर हजर झाल्या. उभं राहवेना तेव्हा खुर्चीत बसून शिकवलं. फळा पुसायला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्या गेल्या. ती प्रथिनं ताणात विस्कटलेल्या दुसऱ्या प्रथिनांना सावरतात आणि कर्करोगाच्या पेशीही जगायला त्यांचाच आधार घेतात, हे पुढं बऱ्याच वर्षांनी उलगडलं. बाईंना ते कळलं नाही. पण शेवटच्या तासाला माश्या ताण कशा सोसतात ते ऐकून एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, हे पुस्तकात कुठं आहे?"

"कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "वही बंद कर आणि सूक्ष्मदर्शकात बघ."