गरम पाण्याची किटली

अमेरिकेत, युटामध्ये लेकीकडे गेले होते, तेव्हा आम्ही गावातलं छोटंसं वस्तुसंग्रहालय पाहायला गेलो. हातगाडे ओढत त्या भागात येऊन वसलेल्या पहिल्या मॉर्मन पंथाच्या लोकांच्या वस्तू मांडल्या होत्या. हातगाडा, कुदळी आणि त्यांच्यामध्ये चिनीमातीची एक निळी किटली. मी थबकले. या पंथात तर चहा वर्ज्य!

तिथल्या वयस्कर बाई हसल्या. "माझ्या पणजीची. इंग्लंडहून निघताना तिच्या आईने दिलेली, अगदी कोरी. हातगाड्यावर सामान थोडंच मावायचं. तिने एक पांघरूण मागे ठेवलं आणि ही घेतली."

"मग चोरून चहा प्यायच्या की काय?" मी विचारलं. लेकीने मला कोपराने ढोसलं.

"छे! धर्म म्हणजे धर्म. रोज दुपारी ती किटलीत साधं उकळतं पाणी भरायची, झाकून ठेवायची आणि मग कपात ओतून दारात बसायची."

माणूस देश बदलतो, देवही बदलतो. पण दुपार व्हायची ती होतेच, तिचं काय करायचं? मीसुद्धा तिथे रोज सकाळी लेकीचं दार उघडून उगाच उंबऱ्याकडे बघायचे. रांगोळी काय बर्फावर काढू?

बाईंनी झाकण उचलून दाखवलं. आत चहाचा एक डाग नव्हता, काल दुकानातून आणल्यासारखी पांढरीशुभ्र. कानावरची सोनेरी नक्षी मात्र हाताने पार पुसून गेली होती.