सरळ केलेला नाला आणि शकूताई

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर उभा होतो. शकूताईसाठी मुगाचं वरण घेऊन दवाखान्यात निघालो होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला, "मामा, आई गेली…" वरण तसंच घरी परत आलं. त्याला आता दीड महिना होईल.

शकूताई माझी थोरली बहीण. आमच्या गावचा नाला जिथं वैनगंगेला मिळतो, त्या गावात तिला दिली होती. माहेर वर, सासर खाली. लहानपणी याच नाल्याच्या वळणावरच्या डोहात ती ओढणी पसरून झिंगे धरायची. पण पुरात त्याच वळणांवरून पाणी आमच्या धानात शिरायचं, म्हणून गावाने नाला सरळ करून मागितला. पोकलेन आलं. डोह बुजले, काठची कहूची, म्हणजे अर्जुनाची, झाडं गेली, उरला एक उघडाबोडका चर. त्या पावसाळ्यात आमच्या धानाच्या बांधीत पूर शिरला नाही. गावात पेढे वाटले गेले.

तेच पाणी धावत ताईच्या गावात गेलं. पुढे वैनगंगा फुगलेली, ती त्याला आत घेईना. पूर ओसरल्यावर मी ताईकडे गेलो, तर कुजलेल्या धानाचा वास घरभर भरलेला. चुलीत चिखल, चिखलात मेलेली कोंबडी. ताई खराट्याने गाळ ढकलत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे. माहेरचा गाळ हाय, मलेच आंदण आला."

त्यानंतर ती राखीलाही माहेरी आली नाही, मीच जायचो. यंदाही पूर आला, गाळ काढता काढता तिला ताप भरला, कावीळ झाली… आणि ती उठलीच नाही.

तेरवीला पुढारी आला. फोटोला हार घालून म्हणाला, "काळजी करू नका, तुमच्या गावचाही नाला सरळ करणं मंजूर झालं."

ताईच्या नवऱ्याने, भाऊजींनी, विचारलं, "मंग आमचं पाणी कोनाच्या घरात जाईन?"

"पहिले आपलं पाहा ना भाऊ!" तो हसला. पंगतीतल्या बऱ्याच माना डोलल्या. शिसारी आली, त्याची, आणि डोलणाऱ्या त्या मानांचीही. आमच्या गावाने तरी दुसरं काय केलं होतं?

परवा पुन्हा गेलो. ताईच्या स्वयंपाकघरात जमिनीवर काहीच नाही. तांदूळ, पीठ, मीठ-मिरची, सगळं तिने छताखाली माच्यावर चढवलेलं. मी म्हटलं, "भाऊजी, पाऊस संपला. खाली काढून देतो."

"नको," ते म्हणाले. दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढले, चहापुरती साखर काढली आणि बरणी पुन्हा तिने ठेवली होती तिथेच वर सरकवली.